तालमीत ठीक, टेकमध्ये टकटक: एका स्टुडिओतल्या बिघाडाचा शोध

पार्श्वभूमी

पुण्यातला हा स्टुडिओ लहान आहे. एक कंट्रोल रूम, तिला लागून बूथ, मध्ये दुहेरी काच. कामं सगळ्या प्रकारची: ऑडिओबुक, रेडिओच्या जाहिराती, अधूनमधून अभंगांचे आणि भावगीतांचे अल्बम. मालक आणि रेकॉर्डिस्ट हे दोघंच कायमचे, बाकी मंडळी कामापुरती. रेकॉर्डिंग एका विंडोज लॅपटॉपवर आणि यूएसबी इंटरफेसवर (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी) होतं. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर दाराच्या फटीतून बूथमधल्या मायक्रोफोनपर्यंत पोचायची, म्हणून मालकांनी सुताराकडून टेबलाखाली कपाट करून घेतलं, आतून फोम लावला आणि लॅपटॉप त्यात ठेवला. बाहेर मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस. टेक (प्रत्यक्ष रेकॉर्डिंगची एक खेप) सुरू झाला की एसी बंद करायचा हाही तिथला जुना नियम.

ही माहिती मी आधीच मांडून ठेवतो आहे, कारण ती स्टुडिओतल्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि तरी कुणाच्याही बोलण्यात आली नाही.

तक्रार

उन्हाळा लागला आणि गाण्याच्या टेकमध्ये आवाज तुटायला लागला. गायिका बूथमधून सांगायच्या, "दादा, कानात परत टकटक येतेय." रेकॉर्डिस्ट म्हणायचा, "ताई, एक मिनिट, पोर्ट बदलतो." तो खाली वाकायचा, कपाट उघडायचा, इंटरफेसची वायर एका यूएसबी पोर्टातून काढून दुसऱ्यात लावायचा, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करायचा. पुढचा टेक स्वच्छ यायचा. अर्ध्यापाऊण तासाने पुन्हा तेच. मग वायर परत पहिल्या पोर्टात. एव्हाना नवी वायर आणून झाली होती, इंटरफेस दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहून झाला होता आणि "पोर्ट सैल झालेत" यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

विक्रेत्याने लॅपटॉप दुकानात नेऊन तपासला आणि ठणठणीत असल्याचं सांगितलं. मास्टर बसवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात ती शेवटची वाट) एक जड प्लगिन (आवाजावर प्रक्रिया करणारं जोड-सॉफ्टवेअर) होतं, त्याच्या कंपनीच्या मदत विभागाने उत्तर पाठवलं: आमच्याकडे असं काही होत नाही. रेकॉर्डिस्टचा एक मित्र आपल्या घरच्या मशीनवर तोच प्रोजेक्ट वाजवून बघत होता, त्याच्याकडेही सुरळीत. मालकांपुढे नव्या लॅपटॉपचं कोटेशन पडलं होतं आणि अल्बमची तारीख जवळ येत होती. त्या टप्प्यावर त्यांनी मला बोलावलं.

पहिल्या बैठकीत एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येकाने चाचणी केली होती, आणि प्रत्येकाची चाचणी निराळी होती. विक्रेत्याने रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एक गाणं वाजवलं, तेही 512 सॅम्पलच्या बफरवर (सॉफ्टवेअर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतं तो बफर, आणि सॅम्पल म्हणजे त्यातली एकेक नोंद). मदत विभागाने सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) 44.1 किलोहर्ट्झ धरला, स्टुडिओ 48 वर काम करतो. मित्राने मिनिटभर ऐकलं. स्टुडिओत मात्र 128 च्या बफरवर, माइक चालू ठेवून, तास तास काम चालायचं. अशा निष्कर्षांची एकमेकांशी तुलना करून हाती काहीच लागत नाही.

तक्रारीही एकात एक मिसळल्या होत्या. टकटक ही एक. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येणं ही दुसरी, आणि तिचं कारण बफर किंवा प्लगिनने मुद्दाम घेतलेला वेळ असतो. स्क्रीनवर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) अडखळत सरकणं ही तिसरी, जिचा आवाजाशी बहुतेकदा संबंधही नसतो. तिन्हींना सगळे "सिस्टम हँग होतेय" म्हणत होते. आम्ही ठरवलं की फक्त पहिलीचा माग काढायचा.

आकड्यांमुळे झालेली दिशाभूल

रेकॉर्डिस्टचा ठाम मुद्दा होता की टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर तीस टक्क्यांवर दिसतो, म्हणजे ताकद कमी पडत नाही. हा समज इतका सर्रास आढळतो की तो नीट उलगडायला हवा.

48 किलोहर्ट्झवर 128 सॅम्पलचा बफर म्हणजे 2.67 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात सॉफ्टवेअरने सगळे ट्रॅक, सगळे प्लगिन, मास्टर बस असं सारं गणित उरकून पुढचा तुकडा इंटरफेसच्या हाती द्यायचा असतो. सेकंदाला 375 वेळा. दहा मिनिटांत सव्वादोन लाख वेळा. त्यातली एक वेळ जरी चुकली तरी कानाला टक ऐकू येते. टास्क मॅनेजर मात्र सेकंदभराची आणि सगळ्या कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणकांची) सरासरी दाखवतो. शिवाय मास्टर बसवरचे प्लगिन एकामागोमाग एक असतात. पहिल्याचं संपल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही, त्यामुळे ती साखळी कोअरांमध्ये वाटून देता येत नाही. आठ कोअरमधला एक पुरता थकलेला आणि सात आरामात, अशा वेळी सरासरी तीस टक्के दिसणं अगदी स्वाभाविक आहे.

दुसरी दिशाभूल एक्सपोर्टची, म्हणजे तयार गाणं फाइलमध्ये उतरवण्याची. "फाइल एक्सपोर्ट केली की स्वच्छ येते, मग प्लगिन जड कसं?" असं मालकांनी विचारलं. एक्सपोर्ट करताना घड्याळ मागे लागलेलं नसतं. गणिताला तीन मिलिसेकंद लागोत की तीस, फाइल बरोबरच तयार होते. प्रत्यक्ष वेळेतला बिघाड एक्सपोर्टमध्ये दिसतच नाही.

समोरचे पर्याय

नवा लॅपटॉप घेणं हा मालकांच्या मनातला पहिला पर्याय होता. पण कारण कळलेलं नसताना केलेली खरेदी कारणासकट नव्या मशीनवर जाऊ शकते, हे त्यांना पटलं. विंडोज नव्याने टाकणं हा रेकॉर्डिस्टचा आग्रह. त्यात प्लगिनचे परवाने, ड्रायव्हर, टेम्प्लेट सगळं पुन्हा उभं करण्यात बराच वेळ गेला असता, आणि त्यानंतर फरक पडला असता तरी तो कशामुळे पडला हे कळलं नसतं.

तिसरा पर्याय बफर 512 करण्याचा. त्याने टकटक बहुधा थांबली असती. पण 512 म्हणजे एका बाजूचे 10.67 मिलिसेकंद. आत येताना आणि बाहेर जाताना मिळून एकवीसच्या वर, त्यात आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. गायिकेला स्वतःचा आवाज हाडांमधून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधून मागाहून. मुरकी किंवा तान घेताना हा उशीर फार जाचतो. तबलजींनी तर थेट सांगितलं, "सम हातावर एकीकडे आणि कानात दुसरीकडे पडते." त्यामुळे बफर वाढवणं बाद झालं.

चौथा पर्याय इंटरफेसवरचं थेट मॉनिटरिंग. त्यात गायिकेचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये न जाता सरळ हेडफोनमध्ये येतो, उशीर जवळपास नाहीसाच होतो आणि बफर मोठा ठेवता येतो. रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) तेवढा सॉफ्टवेअरमधून द्यायचा; तो थोडा उशिरा आला तरी खटकत नाही. हा पर्याय चांगला होता. पण रेकॉर्डिस्टला त्याची सवय नव्हती आणि तोंडावर आलेल्या कामात पद्धत बदलायला तो तयार नव्हता.

पाचवा पर्याय चाचणीची स्थिती पक्की करून मगच बोलण्याचा. वेळखाऊ होता, तरी मालकांनी तोच स्वीकारला, आणि अल्बमच्या गायनाची तारीख पुढे ढकलून त्या मोकळ्या वेळात ऑडिओबुकचं संपादन लावलं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धाडसाचा निर्णय मला हाच वाटतो. गिऱ्हाइकाला तारीख पुढे ढकलायला सांगणं छोट्या स्टुडिओला सोपं नसतं.

चाचणी कशी बांधली

तयार बेंचमार्क होता. डॉबेंच या नावाच्या चाचण्या ऑडिओच्या क्षेत्रात जुन्या आहेत: ठरावीक प्रोजेक्ट घ्यायचा, एकाच प्लगिनच्या प्रती आवाज तुटेपर्यंत वाढवत न्यायच्या, आणि वेगवेगळ्या बफरवर तो आकडा नोंदवायचा. दोन मशीनची तुलना करायला हे उत्तम आहे. आमचा प्रश्न मशीनच्या कमाल ताकदीचा नव्हता. याच खोलीत, याच कामात आवाज केव्हा तुटतो ते हवं होतं. म्हणून स्टुडिओच्याच एका अभंगाच्या प्रोजेक्टवरून चाचणीची फाइल तयार केली.

त्या फाइलमध्ये काही गोष्टी मुद्दाम ठेवल्या. प्रत्येक ट्रॅकवर सतत आवाज असेल असा गाण्याचा भाग निवडून तो फिरता ठेवला, कारण शांत ट्रॅकवर बरेच प्लगिन काम थांबवतात आणि भार खोटा कमी दिसतो. एक ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी चालू ठेवला. काही सॉफ्टवेअर इतर ट्रॅकचं गणित आगाऊ करून ठेवतात, पण माइक जोडलेल्या ट्रॅकला ती सवलत मिळत नाही. तो बंद ठेवून केलेली चाचणी खऱ्या टेकसारखी होतच नाही. प्लगिनच्या खिडक्या सगळ्या मिटलेल्या, स्क्रीनचा झूम तोच, सॅम्पल रेट 48, बफर 128, चार्जर लावलेला, पॉवर प्लॅन एकच, वाय-फाय बंद, इंटरफेस एकाच ठरलेल्या पोर्टात.

आता टकटक मोजायची कशी? कानावर भरवसा ठेवला तर तिसऱ्या फेरीनंतर प्रत्येकाला हवं ते ऐकू येतं. म्हणून इंटरफेसच्या एका रिकाम्या आउटपुटमधून 1 किलोहर्ट्झचा साधा साइन टोन सोडला आणि छोट्या वायरने तो रिकाम्या इनपुटमध्ये परत घेऊन रेकॉर्ड केला. स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनसंख्या वेळेनुसार दाखवणारं चित्र) उघडला की हा टोन एका बारीक आडव्या रेघेसारखा दिसतो. जिथे आवाज तुटला तिथे खालपासून वरपर्यंत उभी रेघ उमटते. या रेघा मोजायला तज्ज्ञ लागत नाही. मालकांनी स्वतः मोजल्या, आणि त्या क्षणापासून "मला वाटतं" हे शब्द बैठकीतून गेले.

एक नियम आग्रहाने पाळला: एका वेळी एकच बदल, प्रत्येक स्थिती तीनदा, आणि शेवटी पुन्हा मूळ स्थितीला येऊन तिची फेरी. ही शेवटची फेरी लोक कंटाळून गाळतात. आमचं प्रकरण तिनेच सोडवलं.

मूळ स्थितीच जुळेना

सकाळची मूळ फेरी स्वच्छ आली. मग वाय-फाय चालू करून पाहिलं. लॅटन्सीमॉन या विंडोजवरच्या साधनात नेटवर्कच्या ड्रायव्हरने मधूनच प्रोसेसर अडवून धरल्याचं दिसलं आणि टोनमध्ये एखादी रेघ आली. हे खरं होतं, पण गायिकेची तक्रार याने भागत नव्हती. टेकमधली टकटक एकदा सुरू झाली की थांबायची नाही. पोर्ट बदलून पाहिला, फरक शून्य. दुपारी नियमाप्रमाणे मूळ स्थितीला परत आलो आणि फेरी लावली. काही वेळाने स्पेक्ट्रोग्राम उभ्या रेघांनी भरला.

कागदावरचा प्रत्येक रकाना सकाळसारखाच होता. तरी निकाल उलटा. म्हणजे जे बदललं होतं त्याला कागदावर रकानाच नव्हता.

सकाळी आम्ही कपाटाचं दार उघडं ठेवून बसलो होतो, पोर्ट आणि दिवे दिसावेत म्हणून. एसी चालू होता. दुपारी बूथमध्ये एकाला कथेच्या वाचनाची तालीम करायची होती, म्हणून रेकॉर्डिस्टने सवयीने एसी बंद केला आणि पायाने कपाटाचं दार लोटलं. आता ते उघडलं तेव्हा आतून गरम वाफ चेहऱ्यावर आली. लॅपटॉपच्या बिजागरीजवळच्या पट्टीवर बोट टेकवत नव्हतं. एचडब्ल्यूइन्फो या साधनाने वेगाची नोंद ठेवायला घेतली. दार मिटून एसी बंद केल्यावर प्रोसेसरचा वेग साडेतीन गिगाहर्ट्झच्या वरून हळूहळू उतरत दोनच्याही खाली गेला.

पोर्ट बदलल्यावर आवाज का सुधारायचा, हे तिथेच उमगलं. पोर्ट बदलायला कपाट उघडावं लागायचं, वायर काढून घालेपर्यंत आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू होईपर्यंत दार उघडं राहायचं, साठलेली उष्णता बाहेर पडायची, लॅपटॉप श्वास घ्यायचा. पोर्टचा काही संबंध नव्हता. रेकॉर्डिस्टचं निरीक्षण मात्र शंभर टक्के खरं होतं, आणि ते मी त्याला आवर्जून सांगितलं. गिऱ्हाइकासमोर दर वेळी खाली वाकून वायर बदलणारा माणूस उगाच ते करत नसतो.

विक्रेता आणि मित्र दोघंही बरोबर होते, हेही याच ओघात कळलं. आजचे लॅपटॉप प्रोसेसर थोडा वेळ जास्त वीज ओढून खूप वेगाने चालतात आणि मग टिकाऊ वेगावर उतरतात. दुकानातली थंड हवा, उघडं मशीन आणि मिनिटभराची चाचणी यांत हा बिघाड कधीच दिसला नसता.

दोष कुणाचा

आता सोपं उत्तर हाताशी होतं: उष्णता. तिथे थांबायचा मोह मालकांना झाला, पण प्लगिनचा प्रश्न तसाच लोंबकळत होता. म्हणून चारच स्थिती घेतल्या: दार उघडं किंवा मिटलेलं, आणि मास्टर बसवरची साखळी चालू किंवा बंद. फेरीचा वेळ दहा मिनिटांवरून चाळीसवर नेला, म्हणजे गाण्याच्या खऱ्या सत्राइतका, आणि दर फेरीआधी मशीन तापू दिलं.

दार उघडं, साखळी बंद: स्वच्छ. दार उघडं, साखळी चालू: स्वच्छ. दार मिटलेलं, साखळी बंद: चाळीस मिनिटं स्वच्छ. दार मिटलेलं आणि साखळी चालू: साधारण वीस मिनिटांनंतर रेघाच रेघा.

दोन्हींपैकी एकट्याने काहीच बिघडत नव्हतं. साखळी 2.67 मिलिसेकंदांतला बराचसा वेळ खात होती, पण पूर्ण वेगाच्या प्रोसेसरवर ती वेळेत पोचत होती. उष्णता वेग कमी करत होती, पण हलक्या प्रोजेक्टला उरलेला वेग पुरत होता. दोन्ही एकत्र आल्यावर वेळ हुकत होती. बिघडलेल्या अवस्थेत उभं राहून एकेक गोष्ट काढत गेलो असतो, तर पहिली जी काढली तिलाच दोषी ठरवून मोकळे झालो असतो. स्वच्छ अवस्थेपासून सुरू करून एकेक गोष्ट घालत गेल्यामुळे दोन्हींची जोडी दिसली.

एक शंका उरली होती. त्रास वेग उतरल्याचा, की तापल्यामुळे इंटरफेस किंवा आणखी काही बिघडत होतं? त्यासाठी एसी चालू, दार सताड उघडं, मशीन थंड, आणि विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा मुद्दाम खाली आणली. टकटक हजर. उष्णतेशिवाय फक्त वेग कमी करून बिघाड मुद्दाम घडवता आला, तेव्हा मालकांनी लॅपटॉपचं कोटेशन बाजूला ठेवलं.

काय केलं आणि काय झालं

फुकटचा उपाय लगेच झाला. गायनासाठी वेगळं टेम्प्लेट केलं, मास्टर बस त्यात मोकळी. साखळी मिक्सिंगच्या वेळी लावायची, तेव्हा बफर 1024 ठेवला तरी कुणाचं अडत नाही.

कपाटावर थोडा वाद झाला. मालकांचं म्हणणं, साखळी काढली की चाळीस मिनिटं स्वच्छ जातात, मग सुतारकामाचा खर्च कशाला? माझं म्हणणं वेगळं होतं. मे महिना यायचा होता. उद्या कुणी गिटारसाठी जड ॲम्प प्लगिन थेट माइकच्या ट्रॅकवर लावेल, आणि तेव्हा पुन्हा सगळे पोर्ट बदलत बसतील. शेवटी लॅपटॉप बूथच्या विरुद्ध बाजूच्या पॅसेजमध्ये उघड्या फळीवर गेला आणि भिंतीला भोक पाडून वायरी आत आणल्या. यूएसबी 2.0 ची साधी वायर पाच मीटरपर्यंतच भरवशाची, म्हणून फळीची जागा त्या हिशेबाने ठरवली. पंख्याचा आवाज बूथपासून आणखी दूर गेला, हा वरचा फायदा.

रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद ठेवण्याचा नियम झाला. चाचणीची फाइल पॅसेजमधल्या जागी, एसी बंद ठेवून, साखळी मुद्दाम चालू ठेवून पुन्हा चालवली: रेघ नाही. अल्बमचं गायन ढकललेल्या तारखेला झालं, आणि टेक तुटल्यामुळे एकही ओळ परत घ्यावी लागली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

थेट मॉनिटरिंग पहिल्याच दिवशी सुरू करायला हवं होतं. ते निदान नव्हे, पण निदान होईपर्यंत गायिकेला आणि तबलजींना मोकळं करणारा आधार होता, आणि कदाचित तारीखही हलली नसती. नवी सवय लावायला वेळ नाही हे कारण तेव्हा सगळ्यांनी मान्य केलं. खरं तर ती सवय एका दुपारचं काम आहे.

चाचणीच्या कागदावर सॉफ्टवेअरच्या सेटिंगांचेच रकाने होते. खोलीचे नव्हते. एसी, दार, मशीनची जागा, चालू होऊन किती वेळ झाला, बाहेरचा उकाडा: हे सगळं पहिल्यापासून लिहायला हवं, विशेषतः जिथे खरं काम आणि चाचणी वेगवेगळ्या वातावरणात होतात. दहा मिनिटांची फेरीही चुकीच्या आधारावर ठरली होती. आमच्या सोयीने ठरली, कामाच्या लांबीवरून नाही.

मदत विभागाला पाठवलेल्या पत्रात "प्लगिन लावलं की आवाज तुटतो" एवढंच होतं. त्या वाक्यावर जगातला कुठलाही तंत्रज्ञ "आमच्याकडे होत नाही" हेच लिहील. बफर, सॅम्पल रेट, किती वेळाने तुटतो, प्रोसेसरचा वेग तेव्हा किती होता, आणि सोबत चाचणीची फाइल एवढं गेलं असतं तर निदान प्रश्नाला प्रश्न तरी आला असता.

आणि रेकॉर्डिस्टला कुणीतरी आधीच विचारायला हवं होतं की पोर्ट बदलताना तू नेमकं काय काय करतोस, हाताने करून दाखव. उत्तर त्याच्या हालचालीत होतं. आता स्टुडिओत बाहेरून कुणी स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला, तरी सत्राआधी रेकॉर्डिस्ट त्यावर चाचणीची फाइल चालवून घेतो, आणि कागदावरचा पहिला रकाना खोलीचा असतो.